मोजलेले पाणी, वाटलेले पाणी

प्रस्तावना

आपल्या गावात किंवा वस्तीत पाण्यावरून झालेला वाद तुम्ही पाहिला असेल. सार्वजनिक नळावर हंड्यांची रांग लागते, शेतावर पाटाच्या पाळीवरून शेजाऱ्यांत बोलाचाली होते. अशा वादात एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘आमच्या वाट्याला पाणी कमी आले.’ कमी म्हणजे किती कमी? ते कोणी मोजले? आणि ते मोजमाप दुसऱ्याला मान्य आहे काय? या प्रश्नांची उत्तरे नसतील, तर वाद मिटत नाही, वाढतो.

जे दोन शेजाऱ्यांत घडते, तेच दोन गावांत, दोन जिल्ह्यांत आणि दोन राज्यांतही घडते. या पाठात आपण तंजावर या प्रदेशाची ओळख करून घेणार आहोत. तमिळनाडूतील हे नगर मराठी माणसाला परके नाही. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास येथे आपले राज्य स्थापन केले आणि त्यांच्या घराण्याची सत्ता येथे १८५५ पर्यंत टिकली. येथील सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे जपून ठेवलेली आहेत. परंतु राजवटी चोळांच्या असोत, नायकांच्या असोत वा भोसल्यांच्या असोत, तंजावरचे वैभव उभे राहिले ते भाताच्या राशींवर. आणि त्या राशी उभ्या राहिल्या कावेरीच्या पाण्यावर. म्हणूनच हे पाणी कसे वाहते, कसे मोजले जाते आणि कसे वाटले जाते, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• सामायिक खोरे म्हणजे काय, ते स्वतःच्या शब्दांत सांगू शकाल;
• प्रवाह मोजण्याची सोपी रीत समजावून देऊ शकाल;
• पाणीवाटपात मोजणीचे महत्त्व का आहे, याची कारणे देऊ शकाल;
• पाण्याशी संबंधित पारिभाषिक शब्द व वाक्प्रचार यांचा योग्य उपयोग करू शकाल.

मूळ पाठ

१. एक नदी, दोन पाऊस

डोंगरमाथ्यावर पडलेले पावसाचे पाणी उतारावरून ज्या नदीकडे धाव घेते, त्या सर्व भूभागाला त्या नदीचे खोरे म्हणतात. खोऱ्याची सीमा डोंगररांगा ठरवितात. राज्यांच्या सीमा मात्र माणसे ठरवितात. त्यामुळे एकाच खोऱ्याचे अनेक वाटेकरी होतात. अशा खोऱ्याला सामायिक खोरे असे म्हणतात.

कावेरी ही कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात तलकावेरी येथे उगम पावते आणि सुमारे ८०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. तिच्या खोऱ्याचे क्षेत्रफळ सुमारे ८१,१५५ चौरस किलोमीटर आहे. कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू ही तीन राज्ये व पुदुच्चेरी हा केंद्रशासित प्रदेश असे तिचे चार वाटेकरी आहेत. तंजावर वसले आहे ते नदीच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, म्हणजे त्रिभुज प्रदेशात.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. आपल्या महाराष्ट्रात मुख्य पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. तंजावरचा मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा आहे. तो ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतो. कावेरीला पूर येतो, तो मात्र कोडगूच्या डोंगरांत जून ते सप्टेंबरमध्ये कोसळणाऱ्या पावसामुळे. म्हणजे जून महिन्यात तंजावरचा शेतकरी आपल्या डोक्यावरच्या आभाळाकडे पाहत नाही. तो शेकडो किलोमीटर दूरच्या डोंगरांवरील आभाळाची वार्ता विचारतो.

येथील भातशेतीही या दोन पावसांना अनुसरून बेतलेली आहे. जूनमध्ये सुरू होणारे कमी मुदतीचे पीक ‘कुरुवै’, ऑगस्टच्या सुमारास सुरू होणारे दीर्घ मुदतीचे पीक ‘सांबा’ आणि कुरुवै काढल्यावर त्याच शेतात घेतले जाणारे दुसरे पीक ‘तालडी’, अशी त्यांची नावे आहेत. कुरुवैसाठी नदीचे पाणी वेळेवर मिळणे अनिवार्य असते.

२. पूर्वजांची जलविद्या

तंजावरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर कल्लणै नावाचा प्राचीन बंधारा आहे. ‘कल्’ म्हणजे दगड आणि ‘अणै’ म्हणजे बंधारा. तो करिकाल चोळ या राजाने बांधला, अशी परंपरा सांगते. त्याची लांबी सुमारे ३२९ मीटर आहे.

हा बंधारा का बांधावा लागला? तिरुच्चिरापल्लीजवळ कावेरीला दोन फाटे फुटतात. दक्षिणेकडील फाटा कावेरी, तर उत्तरेकडील फाटा कोळ्ळिडम. या दोहोंच्या मध्ये श्रीरंगमचे बेट आहे. कोळ्ळिडमचे पात्र अधिक सखल आणि अधिक उताराचे आहे. त्यामुळे पाणी तिकडे ओढले जाते आणि शेतांना उपयोगी न पडता समुद्रास मिळते. बेटाच्या पूर्व टोकाशी दोन्ही फाटे पुन्हा जवळ येतात, तेथे कावेरीचे पाणी कोळ्ळिडममध्ये घसरू नये, म्हणून कल्लणैची योजना करण्यात आली. पूर आला की जादा पाणी कोळ्ळिडममध्ये सोडावे आणि एरवी ते शेतांकडे वळवावे, असे हे दुहेरी कार्य आहे. पाणी कोठे ओढ घेते, हे बारकाईने पाहिल्याखेरीज असे काम होणे शक्य नाही.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अभियंता आर्थर कॉटन याने या प्राचीन रचनेचा अभ्यास केला. भुसभुशीत वाळूवर भक्कम पाया कसा घालावा, हे आपण येथील जुन्या बांधणाऱ्यांकडून शिकलो, असे त्याने मोकळेपणाने मान्य केले. श्रीरंगम बेटाच्या पश्चिम टोकाशी, मुक्कोंबू येथे, त्याने १८३६ च्या सुमारास कोळ्ळिडमवर वरचा बंधारा उभारला. पुढे २२ ऑगस्ट २०१८ रोजी पुराच्या वेळी त्या बंधाऱ्याची ९ दारे वाहून गेली. जुने बांधकाम आदरास पात्र असले, तरी त्याची देखभाल करावीच लागते, हा बोध या घटनेतून घेता येतो.

तंजावर नगराची स्वतःची जलव्यवस्थाही अशीच मननीय आहे. सोळाव्या शतकात सेवप्प नायक या राजाच्या काळात नगराच्या पश्चिमेस एक विस्तीर्ण तलाव बांधण्यात आला. पावसाचे पाणी आधी त्या तलावात साठे. तेथे गाळ खाली बसे. निवळलेले पाणी भुयारी मार्गाने बृहदीश्वर मंदिराशेजारील शिवगंगा तलावात येई आणि तेथून मातीच्या नळांतून किल्ल्यातील विहिरींपर्यंत पोहोचे. या व्यवस्थेला ‘जलसूत्र’ असे म्हणत. सूत्र म्हणजे धागा. एका धाग्यात मणी ओवावेत, तसे तलाव आणि विहिरी येथे एकमेकांशी जोडलेले होते. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी नगरात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, केलेली नहर-ए-अंबरीची योजना यानिमित्ताने मराठी वाचकास सहज आठवेल.

धागा एका ठिकाणी तुटला की माळ सुटते. नगर वाढले, नळाचे पाणी आले आणि जुन्या तलावाची गरज कोणाला भासेनाशी झाली. आज सेवप्प नायकाच्या तलावाचे नाव तेथील वस्तीच्या नावात उरले आहे. ज्या जागी पाणी राहत होते, त्या जागी माणसे राहू लागली. आपल्या गावातील एखाद्या ‘तळ्याच्या आळी’त आज तळे आहे काय, याचा विचार करून पाहा.

३. पाणी कसे मोजतात?

साठलेले पाणी मोजणे तुलनेने सोपे असते. वाहते पाणी मोजायचे, तर ‘किती’ या प्रश्नाबरोबर ‘किती वेळात’ हाही प्रश्न विचारावा लागतो.

समजा, तुमच्या शेताजवळून २ मीटर रुंदीचा आणि अर्धा मीटर खोलीचा पाट वाहतो आहे. रुंदी आणि खोली यांचा गुणाकार केला की पाण्याच्या छेदाचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर येते. आता काठावर २० मीटरचे अंतर आखून घ्या आणि पाण्यात लाकडाचा एक तुकडा सोडा. तो २० मीटर अंतर २५ सेकंदांत कापत असेल, तर पृष्ठभागावरील वेग सेकंदाला ०.८ मीटर झाला. तळाशी आणि काठाशी पाणी काहीसे रेंगाळते, म्हणून हा वेग साधारणपणे ०.८५ ने गुणतात. उत्तर येते ०.६८ मीटर. क्षेत्रफळाला या वेगाने गुणले, की पाटातून सेकंदाला ०.६८ घनमीटर, म्हणजे ६८० लिटर पाणी वाहते, हे कळते.

मोठ्या नदीवरही तत्त्व हेच असते. नदीच्या रुंदीचे अनेक भाग पाडतात, प्रत्येक भागाची खोली घेतात आणि वेगमापक यंत्राने त्या त्या भागातील वेग मोजतात. सर्व भागांची बेरीज म्हणजे नदीचा विसर्ग होय.

सेकंदाला एक घनफूट पाणी वाहत असेल, तर त्या विसर्गाला एक क्युसेक म्हणतात. ते सुमारे २८.३ लिटर होते. साठ्यासाठी टीएमसी हे परिमाण वापरतात. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. वर्तमानपत्रांत ही दोन्ही परिमाणे वारंवार येतात आणि पुष्कळदा त्यांची गल्लत होते. क्युसेक हा वेळेशी बांधलेला ओघ आहे. टीएमसी हा साठा आहे. एक उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस कर्नाटकाने १५ दिवस ५,००० क्युसेक पाणी सोडावे, असा निर्देश देण्यात आला. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. ५,००० × ८६,४०० × १५ हा गुणाकार केला, तर उत्तर येते ६.४८ अब्ज घनफूट, म्हणजे ६.४८ टीएमसी. एवढे गणित ज्याला येते, त्याला बातमी समजते. त्याला कोणी सहजासहजी भडकवू शकत नाही.

४. वाटणीची कथा

कावेरीच्या पाण्याविषयी तेव्हाचा मद्रास इलाखा आणि म्हैसूर संस्थान यांच्यात १८९२ आणि १९२४ मध्ये करार झाले. १९२४ च्या करारानंतर म्हैसूरजवळील कृष्णराजसागर आणि तमिळनाडूतील मेट्टूर ही धरणे पूर्णत्वास गेली. मेट्टूर धरण १९३४ मध्ये पूर्ण झाले. त्याची साठवणक्षमता ९३.४७ टीएमसी आहे. त्याचे दरवाजे १२ जूनला उघडावेत, असा परिपाठ आहे. सोडलेले पाणी साधारण तीन-चार दिवसांत कल्लणैपर्यंत पोहोचते. परंतु २०१२ ते २०१९ अशी सलग ८ वर्षे हा दिवस साधता आला नाही. या एका ओळीमागे किती घरांची चिंता दडलेली आहे, याची कल्पना शेतकऱ्याला वेगळी करून द्यावी लागणार नाही. २०२० मध्ये दरवाजे पुन्हा १२ जूनला उघडले.

स्वातंत्र्यानंतर दोन्ही राज्यांत सिंचन वाढले, शहरे वाढली आणि वादही वाढला. २ जून १९९० रोजी केंद्र सरकारने कावेरी जलविवाद न्यायाधिकरण नेमले. त्याने ५ फेब्रुवारी २००७ रोजी अंतिम निवाडा दिला. न्यायाधिकरणाने खोऱ्यातील वापरण्याजोगे पाणी ७४० टीएमसी धरले, ते ‘५० टक्के विश्वासार्हते’च्या आधारे, म्हणजे दर दोन वर्षांपैकी साधारण एका वर्षी तेवढे किंवा त्याहून अधिक पाणी मिळेल, या हिशेबाने. याचाच दुसरा अर्थ असा, की उरलेल्या निम्म्या वर्षांत पाणी त्याहून कमी असणार. चांगल्या वर्षी वाटणी सोपी असते. खरा कस लागतो तो तुटीच्या वर्षी.

१६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या निवाड्यात फेरबदल केला. त्यानुसार वाटणी अशी ठरली : तमिळनाडू ४०४.२५, कर्नाटक २८४.७५, केरळ ३० आणि पुदुच्चेरी ७ टीएमसी. पर्यावरणासाठी १० आणि अटळपणे समुद्रात जाणारे ४ टीएमसी वेगळे ठेवण्यात आले. कर्नाटकाचा वाटा वाढविताना बंगळूरच्या पिण्याच्या पाण्याचा आणि तमिळनाडूतील भूजलाचा विचार करण्यात आला. नदीलाही नदी म्हणून काही पाणी हवे, हे पर्यावरणाच्या वाट्यातून मान्य झाले.

कर्नाटकाकडून तमिळनाडूला दर वर्षी १७७.२५ टीएमसी पाणी मिळावे, असेही ठरले. हे पाणी मोजावयाचे कोठे? दोन्ही राज्यांच्या सीमेवरील बिळिगुंड्लू येथे. तेथे केंद्रीय जल आयोगाचे मापन केंद्र आहे. देणारा आणि घेणारा यांच्यापैकी कोणाच्याही हाती तराजू न देता तो तिसऱ्याच्या हाती दिला, हे या व्यवस्थेचे मर्म होय. शिवाय वार्षिक आकड्यापाशी न थांबता दर महिन्याचा आकडाही ठरविण्यात आला : जूनमध्ये ९.१९, जुलैमध्ये ३१.२४, ऑगस्टमध्ये ४५.९५ टीएमसी, याप्रमाणे. कारण पीक वाळल्यावर आलेले पाणी हिशेबात धरता येते, पिकाला मात्र ते उपयोगी पडत नाही. या वाटपावर देखरेख ठेवण्यासाठी जून २०१८ मध्ये कावेरी जल व्यवस्थापन प्राधिकरणाची स्थापना झाली.

५. शेवटच्या शेतापर्यंत

राज्याच्या सीमेवर पाणी मोजले, म्हणजे काम संपले असे नाही. कल्लणैपाशी पाणी कावेरी, वेण्णार आणि कल्लणै कालवा यांत विभागले जाते. तेथून नदीचे फाटे, पाट आणि चाऱ्या यांतून शेतांकडे जाते. गाळ साचलेली चारी, मोडकी मोरी आणि कोणी मध्येच फोडलेला पाट यांमुळे टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचत नाही. तो वरच्या राज्याला दोष देतो; परंतु पुष्कळदा पाणी वाटेतच मुरलेले असते.

वीराणम तलावाचे उदाहरण याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. चोळांच्या काळात बांधलेला हा तलाव कडलूर जिल्ह्यात आहे. तंजावरच्या ईशान्येस कोळ्ळिडमवर असलेल्या खालच्या बंधाऱ्यापासून वडवार या कालव्याने त्याला कावेरीचे पाणी मिळते. त्याची क्षमता सुमारे १.४६ टीएमसी आहे. हा तलाव शेते भिजवितोच, पण २००४ पासून २०० किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या चेन्नई महानगरासही पाणी पुरवितो. म्हणजे शेतकरी आणि शहरवासी हे एका तलावाचे वाटेकरी झाले. तलावात किती पाणी आले, किती गेले, किती बाष्परूपाने उडाले आणि गाळाने किती जागा व्यापली, हे चार हिशेब चोख असतील, तरच दोघांनाही भरवसा वाटेल.

तमिळ गावांत ‘कुडिमरामत्तु’ नावाची जुनी प्रथा होती. ‘कुडि’ म्हणजे रयत आणि ‘मरामत्तु’ म्हणजे दुरुस्ती. लाभ घेणाऱ्यांनी एकत्र येऊन तलाव आणि पाट दुरुस्त करावेत, असा तिचा अर्थ. ‘मरामत्तु’ या शब्दातील आपली ‘मरम्मत’ तुम्ही ओळखली असेलच. २०१७ मध्ये तमिळनाडू शासनाने याच नावाने तलावदुरुस्तीची योजना सुरू केली.

महाराष्ट्रातही अशा परंपरा आहेत. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम इत्यादी नद्यांवर फड पद्धत शतकानुशतके चालत आली. लाभक्षेत्राचे फड पाडावयाचे, एका फडात एकच पीक घ्यावयाचे आणि पाटकऱ्याने ठरलेल्या क्रमाने पाणी द्यावयाचे. पाणी कमी असेल त्या वर्षी कमी फड भिजवावयाचे. तुटीचा भार एकट्यादुकट्यावर न टाकता सर्वांनी वाटून घ्यावयाचा, हे त्यातील तत्त्व. गोदावरीच्या ऊर्ध्व खोऱ्यात नाशिक-अहिल्यानगरची धरणे आणि जायकवाडी यांच्यातील वाद सोडविताना मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये हाच मार्ग सुचविला : १५ ऑक्टोबरचा साठा पाहावा आणि त्यानुसार तूट वाटावी.

पाणी वाढविणे नेहमीच माणसाच्या हाती नसते. ते प्रामाणिकपणे मोजणे, मोजलेले सर्वांसमोर मांडणे आणि कमी असेल तेव्हा कमीही वाटून घेणे, हे मात्र त्याच्या हाती असते. तंजावरच्या भाताच्या प्रत्येक ओंबीत कोडगूचा पाऊस आहे. वरच्याने हे विसरू नये. आणि वरच्या गावांनाही तहान असते, हे खालच्याने विसरू नये.

शब्दार्थ

सामायिक – अनेकांच्या मालकीचे, समाईक
विसर्ग – ठरावीक वेळात वाहणाऱ्या पाण्याचे प्रमाण
त्रिभुज प्रदेश – नदीच्या मुखाशी गाळाने बनलेला सखल प्रदेश
परिपाठ – नेहमीची रीत
निवाडा – निर्णय, न्याय
मोरी – तलाव किंवा पाट यांतून पाणी सोडण्याची वाट
टेल – कालव्याचे शेवटचे टोक

भाषाभ्यास

‘पाणी वाटेतच मुरलेले असते’ या वाक्यात ‘मुरणे’ हे क्रियापद वाच्यार्थाने आले आहे. ‘या हिशेबात कोठे तरी पाणी मुरते आहे’ असे म्हटले, की त्याचा अर्थ ‘काही तरी गैरव्यवहार आहे’ असा होतो. याला लक्ष्यार्थ म्हणतात. पुढील वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : पाणी जोखणे, पाण्यात पाहणे, तोंडचे पाणी पळणे, पाणी सोडणे.

पाठान्त प्रश्न

१. सामायिक खोरे म्हणजे काय? कावेरीचे वाटेकरी कोण कोण आहेत?
२. तंजावरचा शेतकरी जूनमध्ये दूरच्या पावसाची वार्ता का विचारतो?
३. कल्लणै बंधाऱ्याचे दुहेरी कार्य स्पष्ट करा.
४. दर महिन्याचा आकडा ठरविण्याची आवश्यकता का भासली?
५. एका कालव्यातून १० दिवस सतत १,००० क्युसेक पाणी सोडले. एकूण किती टीएमसी पाणी सोडले गेले?
६. ‘देणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या हाती तराजू नसावा’ या विधानाविषयी तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.

उपक्रम

तुमच्या परिसरातील एखाद्या पाटाचा किंवा ओढ्याचा विसर्ग पाठात दिलेल्या रीतीने मोजा. पाणी उथळ आणि संथ असेल तेव्हाच, काठावर उभे राहून आणि सोबतीला कोणी तरी घेऊनच हे काम करा. पंधरा दिवसांच्या अंतराने तीन वेळा मोजणी करून तिन्ही आकडे तक्त्यात मांडा आणि फरकाची कारणे गावातील जाणत्या व्यक्तींना विचारून लिहा.

(प्रश्न ५ चे उत्तर : ०.८६४ टीएमसी)